आजोबांचा विसर आणि डोक्याचा फोटो

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे की घरचे म्हातारे माणूस विसरू लागले तर कोणाला त्यात वावगे वाटत नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणे, सुनेला लेकीच्या नावाने हाक मारणे, बाजारातून मीठ आणायला जाऊन साखर घेऊन येणे, या गोष्टींना आपण हसतो आणि सोडून देतो. पुष्कळ वेळा त्या सोडून देण्यासारख्याच असतात. परंतु ज्या बांधावरून माणूस पन्नास वर्षे चालला त्याच बांधावर उभा राहून तो घरची वाट विचारू लागला, तासापूर्वी जेवून पुन्हा ताट मागू लागला आणि 'मला उपाशी ठेवतात' असे शेजारीपाजारी सांगू लागला, तर त्याला म्हातारपण म्हणून चालणार नाही. तो आजार आहे, आणि आजार म्हटला की त्याची तपासणी आली.

म्हैस चारा खाईनाशी झाली तर आपण दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. आजोबा मात्र दोन दोन वर्षे घरातल्या घरात हरवत जातात आणि आपण म्हणतो, वय झाले. दुसरीकडे काही कुटुंबे अगदी उलट करतात. कोणीतरी सांगतो, 'डोक्याचा एम.आर.आय. काढा, म्हणजे काय ते कळेल,' आणि उसाचे बिल हाती यायच्या आत हातउसने घेऊन म्हाताऱ्याला शहरात नेतात. फोटोचे मोठे पाकीट घेऊन परत येतात, ते कपाटावर ठेवतात, आणि आजोबांना नेमके काय झाले आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ही तपासणी कशी होते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे आम्ही येथे थोडे सविस्तर मांडत आहोत.

प्रश्न आधी, यंत्र मागून

ज्याला आज अल्झायमरचा आजार म्हणतात त्याची हकिगत प्रश्नोत्तरांनीच सुरू होते. १९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफर्टच्या इस्पितळात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. डॉ. अलोइस अल्झायमर रोज तिच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे लिहून ठेवीत. दुपारी ती फुलकोबी आणि डुकराचे मांस खात होती. काय खातेस म्हणून विचारले तर तिने पालक सांगितला. वस्तू दाखवून थोड्या वेळाने विचारले तर काय दाखवले होते ते तिला आठवेना. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या मधोमध साचलेले कण आणि पेशींच्या आत दोऱ्यासारखा झालेला गुंता त्यांना दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथे त्यांनी हे सर्व डॉक्टरांच्या सभेपुढे ठेवले. तेव्हा मेंदू पाहायचा तर तो माणूस मेल्यावरच पाहता येत असे. जिवंतपणी हाताशी होते ते फक्त प्रश्न.

प्रश्नांचे हे काम पुढे नेमून दिले गेले ते १९७५ साली. अमेरिकेतील डॉ. मार्शल फोल्स्टीन, त्यांच्या पत्नी सुझन आणि डॉ. पॉल मॅकह्यू यांनी ३० गुणांची एक लहानशी परीक्षा तयार केली. दहा मिनिटांत ती आटोपते. आज साल कोणते, महिना कोणता, वार कोणता. आपण कोठे आहोत. तीन शब्द ऐका, आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगा. शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात वजा करा. हा कागद घ्या, दुमडा, खाली ठेवा. एक वाक्य वाचा. एक वाक्य लिहा. ही आकृती पाहून काढा. जगभर इस्पितळांत हीच परीक्षा रुजली. साधारणपणे २४ च्या खाली गुण आले की डॉक्टर सावध होतात.

आता आमच्या वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्या माणसाने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने वाक्य वाचायचे कसे आणि लिहायचे कसे? ज्याने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्याच्यापुढे एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन ठेवले तर तो काय काढणार? आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना इंग्रजी तारीख कधीच ठाऊक नसते, पण मृग निघाला की नाही, आर्द्रा बरसला की नाही, हे त्यांना विचारावे लागत नाही. अशा शहाण्यासुरत्या शेतकऱ्याला ती परीक्षा जशीच्या तशी दिली, तर तो नापास होईल आणि त्याच्या कपाळी नसता आजार लागेल.

हा घोळ सोडवण्याचे काम आपल्याच देशात झाले. हरियाणातील बल्लभगड येथे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्यकेंद्र आहे. तेथील खेड्यांत भारतीय व अमेरिकन डॉक्टरांनी मिळून म्हाताऱ्यांच्या स्मृतीचा अभ्यास केला. डॉ. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अमेरिकन परीक्षेचा हिंदी अवतार तयार करून १९९५ साली तो प्रसिद्ध केला, आणि तो मुख्यतः अक्षरओळख नसलेल्या खेडूत म्हाताऱ्यांसाठी होता. शंभरातून सात काढण्याऐवजी वीसमधून तीन तीन काढायला सांगितले, किंवा आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी तपासणाऱ्याने स्वतः डोळे मिटायचे आणि आजोबांनी त्याची नक्कल करायची. वाक्य लिहिण्याऐवजी तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा, असे विचारले. आकृतीही सोपी केली. आमच्या मते या कामाचे मोल मोठ्या यंत्राहून कमी नाही. गावंढळ माणसाला त्याच्या पायरीवर बसून प्रश्न विचारायचे, हे सुचायला अगोदर त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते.

याच अभ्यासात आणखी एक यादी तयार झाली, ती म्हाताऱ्याला नव्हे तर घरच्यांना विचारायची. जेवून उठल्यावर पुन्हा जेवण मागतात काय? गावात वाट चुकतात काय? एखादा निरोप सांगून पाठवले तर तो पोचवतात काय? मोठे सण लक्षात राहतात काय? घरातील निर्णयात भाग घेतात काय? गावातील लग्न, मयत, निवडणूक यांवर धड बोलतात काय? हाती घेतलेले काम पुरे करतात, की अर्ध्यावर विसरतात? वाचकांनी हे प्रश्न कापून ठेवावेत असे आम्ही सांगू. आपल्याकडे त्यांत दोनचार भर घालता येतील: पाण्याची पाळी कोणाची हे लक्षात राहते काय, विक्रीचे पैसे मोजून घेता येतात काय, रोजची जपमाळ कोणत्या रहस्यावर आली ते कळते काय. एक सूचना मात्र आहे. लहानपणी पाठ केलेल्या प्रार्थना व गाणी फार शेवटपर्यंत टिकतात. तेव्हा आजी 'नमो मरिये' घडघड म्हणते म्हणून तिला काही झालेले नाही, असे समजू नये. जुने राहते आणि सकाळचे जाते, हीच या आजाराची चाल आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. निवृत्त शिक्षक किंवा पोस्टमास्तर ३० पैकी २८ गुण मिळवूनही आजाराच्या पहिल्या पायरीवर असू शकतो, कारण शिकलेल्या डोक्याला झाकपाक करता येते. अशांसाठी अधिक लांब व कठीण परीक्षा असतात. भाषेचाही प्रश्न आहे. आमच्या सीमाभागातील माणूस धारवाडला किंवा बेंगळुरूला गेला की त्याला कन्नडमधून प्रश्न विचारले जातात. बाजारापुरते कन्नड येणे वेगळे आणि त्या भाषेत परीक्षा देणे वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांतून अशा परीक्षांचा संच तयार केला आहे. आपण मात्र डॉक्टरांना आरंभीच स्पष्ट सांगावे की आमच्या बाबांची घरची भाषा मराठी, किंवा कोंकणी, आहे, आणि ते इतके इयत्ता शिकले आहेत. हे सांगायला संकोच करू नये. तसेच कान आणि डोळे आधी तपासून घ्यावेत. ज्याला ऐकूच येत नाही, तो तीन शब्द लक्षात कसे ठेवणार?

फोटोत काय दिसते

कवटीच्या आतला जिवंत मेंदू चिरफाड न करता पाहण्याची सोय प्रथम १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या एका इस्पितळात झाली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने तयार केलेले यंत्र क्ष-किरणांनी डोक्याचे एकेक काप घेई, जशी आपण पावाची चकती कापतो तशी. हेच सी.टी. स्कॅन. हाउन्सफील्ड यांना १९७९ साली अॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. एम.आर.आय. त्यानंतरचे. त्यात क्ष-किरण नसतात, मोठे लोहचुंबक असते, आणि मऊ भाग त्यात अधिक स्पष्ट दिसतो. नळीसारख्या जागेत अर्धा तास स्वस्थ पडावे लागते आणि आवाज फार होतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला आधी समजावून सांगावे. गळ्यातील क्रूस, अंगठी, कानातले काढावे लागते. हृदयात पेसमेकर असेल किंवा अंगात कोठे धातूचा तुकडा राहिला असेल, तर ते आधीच सांगितले पाहिजे.

आता या फोटोत डॉक्टर काय पाहतात? कानाच्या वरच्या बाजूस, मेंदूच्या आत, दोन्हीकडे हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहान भाग असतो. नवीन गोष्ट स्मरणात बसवण्याचे काम तेथून चालते. अल्झायमरमध्ये हा भाग लवकर आक्रसू लागतो. शिवाय बारीक बारीक रक्तवाहिन्या बंद पडून झालेले डाग दिसतात. रक्तदाब व साखर वर्षानुवर्षे बेफाम राहिली की असे डाग पडतात. परंतु वाचकांनी एक गोष्ट घट्ट धरून ठेवावी: फोटो पाहून माणसाची स्मृती किती उरली आहे हे सांगता येत नाही. वय वाढले की सर्वांचाच मेंदू थोडा आक्रसतो. फोटो खराब आणि माणूस ठणठणीत, असेही आढळते. फोटो बरा आणि माणूस हरवलेला, असेही आढळते. म्हणून प्रश्नांची तपासणी आणि घरच्यांची हकिगत सोडून नुसता फोटो काढणे म्हणजे मातीची परीक्षा न करता शेताचा नकाशा पाहून खत ठरवण्यासारखे आहे.

मग फोटो कशासाठी? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा सर्वात मोठा उपयोग बरा होणारा आजार हुडकण्यात आहे. समजा, बैलगाडीतून उतरताना किंवा न्हाणीघरात आजोबा पडले, डोक्याला थोडे लागले, रक्तही आले नाही, सगळे विसरून गेले. तीनचार आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखे करू लागले, झोपून राहू लागले, एक पाय ओढू लागले. अशा वेळी कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये हळूहळू रक्त साचलेले असू शकते. साध्या सी.टी. स्कॅनमध्ये ते दिसते, कवटीला लहान छिद्र पाडून ते काढता येते, आणि माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. येथे 'वय झाले' म्हणून घरी बसवणे म्हणजे हातचे माणूस घालवणे होय. दुसरा प्रकार, मेंदूतील पोकळ्यांत पाणी साचण्याचा. त्यात तीन गोष्टी बरोबर येतात: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न आवरणे, आणि विसर. तोही फोटोत दिसतो, आणि नळी बसवून काहींना चांगला गुण येतो. मेंदूतील गाठही अशीच सापडते.

डुकरे पाळणाऱ्या घरांसाठी येथे थोडे विषयांतर. पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. त्यातून बहुधा फेफरे येते, कधी बुद्धीवरही परिणाम होतो, आणि हे फोटोत ठिपक्यांसारखे दिसते. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात कृमी होतो; मेंदूत जाणारी अंडी मात्र माणसाच्या विष्ठेतून, घाणेरड्या हातांनी आणि न धुतलेल्या भाजीवरून पोटात जातात. मांस नीट शिजवावे, उघड्यावर शौचास बसू नये, आणि डुकरे मोकळी सोडू नयेत. इतके पुरे.

फोटोत न दिसणारे, पण बरे होणारे आजारही आहेत, आणि त्यांची तपासणी फोटोहून कितीतरी स्वस्त आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथी मंद होणे, रक्तातील मीठ कमी होणे, हे सर्व रक्ताच्या तपासणीत कळते. झोपेच्या व अॅलर्जीच्या काही गोळ्या म्हाताऱ्यांची बुद्धी मंद करतात. अनेक वर्षांची दारू, मग ती फेणी असो की देशी, मेंदू पोखरते. बायको गेल्यानंतर एकटा पडलेला म्हातारा बोलत नाही, जेवत नाही, काही विचारले तर 'मला आठवत नाही' म्हणतो. तो विसरलेला नसून खिन्नतेच्या आजाराने खचलेला असू शकतो, आणि त्यावर औषध आहे. आणखी, कालपर्यंत चांगला असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. ताप, लघवीचा किंवा छातीचा जंतुदोष, अंगातील पाणी आटणे, अर्धांगवायू यांपैकी काही असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक तिसरा फोटोही आहे, त्याला पेट स्कॅन म्हणतात. त्यात थोडे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी शोधलेले एक द्रव्य अल्झायमरच्या त्या साचलेल्या कणांना जाऊन चिकटते, आणि १९०६ साली मेल्यावरच दिसलेले आता जिवंतपणी दिसू लागले. स्वीडनमधील उप्सला येथे रुग्णांवर केलेले हे काम २००४ साली प्रसिद्ध झाले. यंत्र महाग, मोठ्या शहरातच मिळणारे, आणि शेतकरी कुटुंबाला त्याची गरज क्वचितच. शिवाय त्यातूनही एक कोडे निघाले: स्मृती शाबूत असलेल्या अनेक म्हाताऱ्यांच्या मेंदूतही हे कण सापडतात.

धर्मभगिनींचे दान

ते कोडे आधीच पुढे आणले होते काही धर्मभगिनींनी. अमेरिकेतील 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोट्र डेम' या संघाच्या भगिनींचा अभ्यास डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केला. पुढे ७५ वर्षांवरील ६७८ भगिनी त्यात सामील झाल्या. त्या दरवर्षी स्मृतीची परीक्षा देत, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यावा असे त्या प्रत्येकीने लिहून दिले होते. भगिनींचा अभ्यास सोयीचा का, तर सर्वांचे जेवण सारखे, घर सारखे, दारू-तंबाखू जवळजवळ नाही. म्हणजे एकीची बुद्धी टिकली आणि दुसरीची गेली, तर त्याचे कारण शोधणे थोडे सोपे होते. त्यांतील 'सिस्टर मेरी' या नावाने प्रसिद्ध झालेली एक भगिनी १०१ व्या वर्षी वारली. शेवटच्या काळातही तिचे गुण चांगले होते, आणि मेंदू पाहिला तर त्यात अल्झायमरचे कण भरपूर! उलट, कण थोडे असूनही हरवलेल्या भगिनी होत्या.

यातून दोन गोष्टी हाती आल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसले की ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्याच, त्यांच्यात लहान लहान अर्धांगवायूचे डाग असलेल्यांची बुद्धी अधिक गेली. म्हणजे कण आपल्या हाती नसले, तरी रक्तदाब आपल्या हाती आहे. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. व्रते घेण्यापूर्वी, वयाच्या सुमारे २२ व्या वर्षी, या भगिनींनी आपले छोटे आत्मचरित्र लिहिले होते आणि ते कागद मठात जपून ठेवलेले होते. त्यांतील ९३ जणींचे लेखन तपासले तेव्हा असे आढळले, की तरुणपणी ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती, त्यांची स्मृती साठ वर्षांनंतर अधिक टिकली होती. यातून शिक्षणाने आजार टळतो असे कोणी सिद्ध केले नाही; पण मुलीला सातवीनंतर घरी बसवणाऱ्यांनी हे वाचून पाहावे.

हैदराबादकडच्या आमच्या वाचकांना पुढची गोष्ट आवडेल. तेथील निझाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली आणि २०१३ साली ती छापली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साडेचार वर्षे उशिरा जडला होता. विशेष हे की ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यातही हा फरक होता. तेव्हा तो नुसत्या शाळेचा परिणाम म्हणता येत नाही. दोनांच्या पुढे तिसरी-चौथी भाषा आली म्हणून आणखी फायदा दिसला नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड किंवा तेलुगू, नातेवाइकांत कोंकणी, असे आपले जगणे; भाषांवरून आपल्या भागात डोकी फुटली आहेत, आणि त्याच भाषा डोके सांभाळतात की काय, असा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

आजार किती, औषध किती

बल्लभगडच्या खेड्यांत १९९८ साली ६५ वर्षांवरील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा १.३६ इतकेच निघाले होते, जगातील अगदी कमी आकड्यांपैकी एक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ६० वर्षांवरील माणसांत हे प्रमाण शेकडा ७.४ धरले आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. स्त्रियांत व खेड्यांत ते अधिक. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी असल्यामुळे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे योग्य होणार नाही. पण आपल्या गावात हा आजार नाही, तो शहरातल्या श्रीमंतांचा, असे म्हणण्याला आता जागा उरलेली नाही.

डोनेपेझिल नावाची गोळी पुष्कळ वर्षांपासून मिळते; तिने काही जणांना काही काळ थोडा आधार मिळतो. साचलेले कण धुऊन काढणाऱ्या औषधांना अमेरिकेत २०२३ व २०२४ साली परवानगी मिळाली. आजाराच्या पहिल्या पायरीवर ती आजाराचा वेग काहीसा कमी करतात. गेलेली स्मृती परत आणत नाहीत, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एम.आर.आय. काढावा लागतो. कोणी 'नवे इंजेक्शन आले, आजोबा बरे होतील' असे सांगून पैसे मागू लागला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

२०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी १४ कारणे मोजली आणि सांगितले की ती सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबू शकतील. त्यांत कमी ऐकू येणे, मोतीबिंदूसारख्या कारणांनी दिसेनासे होणे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, अति दारू, डोक्याला मार, एकटेपणा ही आहेत. मोटारसायकलवर हेल्मेट घालणे आणि आजीला कानाचे यंत्र घेऊन देणे, ही मेंदूची औषधे आहेत असे आपल्याला कधी वाटले नव्हते.

घरातली तजवीज

गोव्यात तिसवाडी आणि बारदेश या तालुक्यांत डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध झाला. मोठे यंत्र नाही, मोठे इस्पितळ नाही. गावातल्याच साध्या लोकांना शिकवून घरोघर पाठवले. त्यांनी घरच्यांना आजार समजावून सांगायचा, रुग्णाशी कसे वागावे ते दाखवायचे, सांभाळणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घ्यायचे. ज्या घरांत अशा भेटी झाल्या, तेथे सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. सांभाळणारी बहुधा सून किंवा बायको असते. 'सून जेवायला घालत नाही' हे म्हाताऱ्याचे बोलणे आजाराचे आहे, हे नणंदेला आणि शेजाऱ्यांना कळले, तरी त्या बाईचे अर्धे ओझे उतरेल. आमच्या धर्मग्रामांतील महिला मंडळांना हे काम जमण्यासारखे आहे.

शेतकऱ्याच्या घरी धोके वेगळे असतात. कीटकनाशकाची बाटली कुलपात ठेवावी. ती सरबताच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतू नये, कारण लेबल वाचण्याची बुद्धी गेलेला माणूस ती पिऊन टाकतो. विहिरीला कठडा किंवा जाळी असावी. मोटारीचा स्टार्टर आणि कडबा-कुट्टीचे यंत्र बंद करून त्याची किल्ली काढून घ्यावी. मारका बैल त्यांच्या हाती देऊ नये. पण सगळीच कामे काढून घेऊ नयेत. शेंगा फोडणे, मिरच्यांची देठे काढणे, कोंबड्यांना दाणे टाकणे ही कामे हातांना आठवतात आणि त्यात माणूस शांत राहतो. वाट चुकणाऱ्या आजोबांच्या खिशात नाव, गाव आणि घरचा फोन नंबर लिहून ठेवावा.

जमिनीविषयीही लिहिले पाहिजे, कारण या आजारात सर्वात मोठी भांडणे तेथेच होतात. करार करणाऱ्याची बुद्धी शाबूत असली पाहिजे, असे १८७२ चा कराराचा कायदा सांगतो. कशावर सही करतो आहोत हे ज्याला त्या वेळी कळत नाही, त्याचा अंगठा घेऊन केलेला कागद न्यायालयात टिकत नाही. असा अंगठा घेणारा परका असो की थोरला मुलगा, तो लुबाडणूकच करतो. आजार पहिल्या पायरीवर असताना, स्वतः त्यांना कळते आहे तोवर, सर्व भावंडांच्या समक्ष वाटणी, मृत्युपत्र आणि बँकेचे व्यवहार यांविषयी त्यांची इच्छा विचारून घ्यावी. वकिलाचा सल्ला घ्यावा आणि त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. बहिणींना वगळून हे करू नये.

डॉक्टरांकडे निघताना बरोबर काय न्यावे, तेही सांगतो. रोज घेतात त्या सर्व गोळ्या एका पिशवीत, गावठी औषधासुद्धा. चष्मा आणि कानाचे यंत्र. विसर कधीपासून, हळूहळू वाढला की एकाएकी, मध्ये कधी पडले होते काय, झोप व भूक कशी, हे एका कागदावर. आणि घरात जो माणूस रोज त्यांच्याजवळ असतो तो; मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला मुलगा नव्हे. आधी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवावे, रक्त तपासावे, मग ते सांगतील तर फोटो. सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात तो कमी खर्चात होतो का, हे तेथेच चौकशी करून पाहावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची १४५६७ ही फोन-सेवा आहे, तीवरही विचारता येते.